सावधान, क्रमांक ४१

रविवार, ३ ऑगस्ट २०२५. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन तीन महिने झाले, नुसता चहा पितोय. बस झालं. एकतीस वर्षं इथे पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या गेटवर काढली. पास बघितल्याशिवाय साहेबांच्या गाडीलाही आत सोडलं नाही. (एकदा सोडली होती. पण तेव्हा पाऊस होता.) आणि अशा माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, बायको दुपारी पलंगावर पडून अनोळखी नंबरचे फोन उचलते. वर त्यांच्याशी बोलते.

रिटर्न भरायचे दिवस आहेत. यंदा तारीख वाढवून १५ सप्टेंबर केली, म्हणजे चोरांनाही दीड महिना जास्त मिळाला. रोज मेसेज. तुमचा रिफंड मंजूर झाला, इथे दाबा. तुमचं पॅन बंद पडलं, इथे दाबा. आणि लोक दाबतात! पुलगावचे लोक तर आधी दाबतात, मग चष्मा शोधतात.

आमच्याकडे सुलोचनाचा रिफंड यायचा आहे. ती झेडपीच्या शाळेतून मागच्या वर्षी रिटायर झाली, मिळालेले पैसे एफडीत टाकले, बँकेने टीडीएस कापला. एकतीस हजार दोनशे चाळीस रुपये. त्यातून तिला विहाराच्या महिला मंडळासोबत बोधगयेला जायचंय. साडेअठरा हजार भरायचे, २० सप्टेंबरच्या आत. लग्न झाल्यापासून म्हणते, जायचं, जायचं. दरवेळी काहीतरी आडवं आलं. बहुतेक वेळा माझी ड्युटी.

मी शब्द दिला. तुझा रिफंड माझ्या जबाबदारीवर. ती उठून भाजी निवडायला गेली. भारावली असावी.

सोमवार, ४ ऑगस्ट. सकाळी ९

सुलोचनाचा मोबाईल ताब्यात घेतला. रिफंडचे सगळे मेसेज त्याच्यावरच येणार, म्हणजे तोच खरा गेट. पोह्यांच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवला. डबा कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या बनियनला सेफ्टी पिनने. दुसरी किल्ली वीस वर्षांपूर्वीच हरवली आहे, त्यामुळे त्या बाजूने चिंता नाही.

सुलोचना म्हणाली, अन कारंज्याहून शकुंतलाचा फोन आला तर? म्हटलं, तुझ्या बहिणीने पत्र लिहावं. तर म्हणते, तुमी मले घरातल्या घरात कैदी करून ठेवून राह्यले का? छत्तीस वर्षं संसार झाला, पण सिक्युरिटी म्हणजे काय हे हिला समजावता आलं नाही.

लाँगबुक आणलं. रकाने आखले: तारीख, वेळ, नंबर, कामाचं स्वरूप, शब्द बरोबर की चूक, शेरा. शब्द म्हणजे परवलीचा शब्द. घरात येणारा आणि फोन करणारा, दोघांनी सांगायचा. दर सोमवारी बदलणार. चाळीस आठवड्यांचे शब्द आजच लिहून काढले, सगळी धान्यं आणि भाज्या. या आठवड्याचा जवस. मी पाठ करणार नाही. गेटवरच्या माणसाने काही पाठ करायचं नसतं, रजिस्टरमध्ये बघायचं असतं. डोकं चुकतं, रजिस्टर चुकत नाही.

फ्रिजवर नियम चिकटवले. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, घरच्यालाही नाही. शब्द तीन वेळा चुकला की फोन ठेवायचा, मग तो कलेक्टरचा का असेना. फोनवर कोणी रडायला लागलं तर लगेच ठेवायचा, कारण रडका आवाज हल्ली मशीनवर काढतात. मी व्हिडिओ बघितलाय. आणि आपल्या घरात कोणी रडत नाही.

सुलोचनाने विचारलं, अन तुमालेच रडू आलं तर? मी हसलो.

शनिवार, ९ ऑगस्ट. सकाळी ८.३०

व्यवस्थेची पहिली चाचणी. शेजारचे बंडूजी आले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस, शिस्तीची अपेक्षा होती. हातात गरम आलुबोंडे. दार न उघडता शब्द विचारला. म्हणाले, कवडूजी, बोंडे थंडे होऊन राह्यले न, शब्द काऊन विचारता? दुसऱ्यांदा विचारला. म्हणाले, तुमाले बरं नाई काय? तिसऱ्यांदा विचारल्यावर बोंडे घेऊन परत गेले.

चाचणी यशस्वी. वास छान होता.

रविवार, १० ऑगस्ट. दुपारी १२.२०

आज गेटवर हल्ला झाला आणि परतवला. तपशील लिहून ठेवतो, पुढे कामी येईल.

नंदिनी, म्हणजे आमची मुलगी, नागपूरला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. आईचा रिटर्न तीच भरते. ११.४० ला माझ्या मोबाईलवर फोन. बाबा, आईचा रिटर्न भरला, फक्त व्हेरिफाय करायचा राह्यला, आईच्या मोबाईलवर ओटीपी आला असंन, सांगा बरं. आवाज हुबेहूब नंदिनीचा. नंबरही नंदिनीचा. इथेच सामान्य माणूस फसतो.

शब्द विचारला. म्हणे, कोणता शब्द? परत विचारला. म्हणे, बाबा, पंधरा मिनिटांत तो ओटीपी बाद होते, लवकर सांगा न! घाई. फ्रॉडचं पहिलं लक्षण. तिसऱ्यांदा विचारलं तर जरा वेडंवाकडं बोलली, ते लिहीत नाही. फोन ठेवला.

कॉलनीच्या ग्रुपवर ताबडतोब टाकलं: "सावधान, क्रमांक ६. या नंबरवरून एक बाई माझी मुलगी असल्याचं सांगते. शब्द विचारल्यावर चिडते. कोणीही उचलू नये. नोंद घ्यावी. क. थूल, रिटायर्ड, गेट क्र. २." बंडूजींनी लिहिलं, अहो, हा तर नंदिनीचाच नंबर होय. मी उत्तर दिलं, हेच तर ते करतात.

सुलोचना सांगत होती की तीस दिवसांत व्हेरिफाय केलं नाही तर रिटर्न भरला तरी न भरल्यासारखा धरतात, मग कशाचा रिफंड अन कशाची बोधगया. मी म्हटलं, सरकारला कळतं कोण सुलोचना थूल ते. ती भाजीची वांगी जरा जोरातच चिरत होती.

सोमवार, ११ ऑगस्ट. दुपारी ४.१०

झोपून उठलो. डबा तपासला. डब्यात ठेवताना मोबाईलची बॅटरी ८८ टक्के होती. आता ६१. शिवाय मोबाईल कोमट. दोन ते चार मी झोपतो, तेवढ्यात पडून पडून सत्तावीस टक्के गळाली. काय माल विकतात. कंपनीला पत्र लिहायचं.

सुलोचना आज खुशीत. गुणगुणतेय. राग विसरली. बायकांचं असंच असतं, जरा कडक राहिलं की पुढे सगळं सुरळीत.

शुक्रवार, १५ ऑगस्ट. सकाळी ११

कॉलनीत झेंडावंदनानंतर बोलायला पाच मिनिटं दिली होती. विषय: कर भरताना फसवणुकीपासून बचाव. मी चाळीस मिनिटं बोललो, विषयच तसा आहे. पहिल्या दहा मिनिटांत मुलं गेली, मग जिलेबी वाटायला लागले तेव्हा मोठी. पण बाराजण शेवटपर्यंत होते. (त्यातले चार खुर्च्यांवाले.)

मात्र एक मोठं काम केलं. कॉलनीतल्या अकरा फाटकांवर ऑइलपेंटने १९३० लिहिलं. पैसे गेले की त्याच मिनिटाला हा नंबर लावायचा. बंडूजींच्या बायकोला राग आला, फाटक नवीन होतं.

भाषणाचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. खाली नाव, पत्ता, मोबाईल नंबर. कुणाला मदत लागली तर माणूस शोधत बसायला नको.

सोमवार, १८ ऑगस्ट. सकाळी १०.४५

दिल्लीहून फोन! राष्ट्रीय डिजिटल पहारा मंच. पियुष सर. व्हिडिओ बघितला म्हणे, थूल साहेब, आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून देश सुरक्षित आहे. एकदम शुद्ध पुस्तकी मराठी, एकदाही मले-तुले नाही. शिकलेला माणूस.

मी काही लगेच विश्वास ठेवणारातला नाही. म्हटलं, ओळख दाखवा. त्यांनी तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावून आयकार्ड दाखवलं. मी बारकाईने तपासलं: फोटो आहे, गोल शिक्का आहे, शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर आहे, सही हिरव्या शाईची आहे. एकतीस वर्षं हेच बघितलं. म्हटलं, रजिस्टरमध्ये नोंद करावी लागेल. त्यांनी आनंदाने सगळी माहिती सांगितली. नंदिनीला एक शब्द विचारला तर किती तो तमाशा, आणि हा एवढा मोठा अधिकारी मुकाट नोंद करून घेतो!

मला वर्धा जिल्ह्याचा मानद समन्वयक नेमायचंय. नोंदणी फी १,९९९. पॅन आणि आधारची प्रत. आणि माझी शब्दाची पद्धत त्यांना इतकी आवडली की देशभर लागू करणार म्हणाले. चाळीसही शब्द केंद्रीय रेकॉर्डसाठी मागितले. पाठवले.

सोमवार, २५ ऑगस्ट. सकाळी ११.३०

आयकार्ड आलं. लॅमिनेट केलेलं, तिरंगी पट्टीचं. गळ्यात घालून बाजारात जाऊन आलो. दोन जणांनी विचारलं, निवडणुकीची ड्युटी लागली काय?

पियुष सरांचा फोन आला. उचलल्याबरोबर, मी विचारायच्या आधी, म्हणाले, "अंबाडी." रजिस्टर उघडून बघितलं. या आठवड्याचा शब्द, बरोबर! मी उभा राहिलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी न सांगता नियम पाळला. सुलोचनाला मुद्दाम ऐकवलं. ती म्हणाली, ज्याले तुमीच शब्द सांगतला तो शब्द सांगन नाई तर काय सांगन? हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट. सकाळी ७.५०

डब्याची सकाळची तपासणी. सुलोचनाच्या मोबाईलवर मेसेज: इन्कम टॅक्स रिफंड, ३१,२४०, तुमच्या खात्यात जमा. खाली बँकेचं नाव.

आकडासुद्धा बरोबर! म्हणजे माहिती कुठून तरी फुटलेली आहे. पण इथे कोण बसलंय? व्हेरिफायच झालं नाही तर रिफंड येईल कुठून? अर्ध्या मिनिटात पकडलं. मेसेज डिलीट, नंबर ब्लॉक. "सावधान, क्रमांक ३४. रिफंड जमा झाल्याचा खोटा मेसेज फिरतो आहे. भुलू नये. नोंद घ्यावी."

सुलोचनाला सांगितलं, आज तुझे एकतीस हजार वाचवले. ती चहा गाळत होती, गाळणी तशीच वर धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, लय उपकार झाले बाप्पा.

पहिल्यांदा कबूल केलं.

शनिवार, ६ सप्टेंबर. सकाळी १०

खऱ्या रिफंडचा पत्ता नाही. इन्कम टॅक्सला तीन पानी पत्र लिहिलं, रजिस्टर्ड पोस्टाने. काय काम करतात हे लोक? चोर दिवसातून चारदा रिफंड देतात, आणि सरकारकडून एकदाही येत नाही. २० तारीख जवळ आलीय. माझ्या खात्यात अठ्ठेचाळीस हजार तीनशे आहेत. ठरवलंय, रिफंड आला नाही तर त्यातूनच तिचे पैसे भरायचे. आताच सांगणार नाही. १९ तारखेला हातात पावती द्यायची.

तिला बोधगया बघायची आहे. एवढं तरी झालं पाहिजे माझ्याकडून.

मंगळवार, ९ सप्टेंबर. दुपारी १

आज मॉक ड्रिल झालं. मंचातर्फे, माझ्या एकट्यासाठी, खास.

डेपोत दर तीन महिन्यांनी मॉक ड्रिल व्हायचं. भोंगा वाजला की कुणी स्ट्रेचर धरायचं, कुणी पाण्याचा पाइप. मला कायम जखमीचं काम. साहेब म्हणायचे, कवडू पडतो छान. पियुष सरांना हे सांगितलं होतं. आज त्यांचा फोन आला, शब्द बरोबर, म्हणाले, थूल साहेब, प्रशिक्षणासाठी रेकॉर्डिंग करायचंय. भोळा माणूस कसा फसतो ते आपण करून दाखवा. मी ठगाची भूमिका करतो. फसणाऱ्याच्या भूमिकेला आपल्याइतका अनुभवी माणूस देशात नाही.

केलं. ते म्हणाले, एटीएम कार्डाचा नंबर सांगा. मी घाबरत घाबरत सांगितला, म्हणजे घाबरण्याचा अभिनय करत. मग नमुना ओटीपी आला. तो सांगितला. असे तीन आले, तिन्ही सांगितले. मध्येच "साहेब, माझे पैसे जाणार तर नाहीत ना?" हे वाक्य मी माझ्या मनाचं टाकलं. पियुष सर म्हणाले, वा!

इथे एक गोष्ट स्पष्ट नोंदवून ठेवतो. मी ओटीपी सांगितला नाही. ओटीपी सांगण्याचा अभिनय केला. फरक आहे.

गुरुवार, ११ सप्टेंबर. सकाळी ११.१०

एटीएमवर गेलो. शिल्लक शून्य.

ड्रिल अजून चालू आहे. आमच्याकडेही ऑल क्लिअरचा भोंगा वाजेपर्यंत जखमीने उठायचं नसतं. एकदा दीड तास उन्हात पडून होतो, सगळे जेवायला निघून गेले तरी उठलो नाही. शिस्त.

पियुष सरांचा फोन बंद. ड्रिलमध्ये बोलणं बंदच ठेवतात.

सोमवार, १५ सप्टेंबर. सकाळी ११

रिटर्नची शेवटची तारीख. (उद्यापर्यंत वाढवणार असं लोक बोलतायत, मी अफवांवर विश्वास ठेवत नाही.) फॉर्म भरून देणाऱ्या दुकानासमोर ही गर्दी. आयकार्ड घालून दारात उभा राहिलो, प्रत्येकाला विचारलं, कोणाला काय सांगता आहात, खात्री केली का? दुकानदार म्हणाला, काका, बाजूले व्हा न, गिऱ्हाइकं वापस जाऊन राह्यले. बंडूजी आतून पावती घेऊन बाहेर आले. माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बघून म्हणाले, किती पैसे घेतले याचे? म्हटलं, मानद आहे. म्हणाले, तरी किती घेतले?

भोंगा अजून वाजला नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर. सकाळी १०.३०

आज पावती द्यायची होती. रात्रभर झोप नाही. सकाळी उठून सुलोचनासमोर बसलो. म्हटलं, रिफंड आला नाही. यंदा जमणार नाही असं दिसतं, पुढच्या वर्षी नक्की नेतो. हे वाक्य मी याआधी किती वेळा बोललो ते मोजलं नाही.

ती म्हणाली, पैसे तर मी भरले न, पाच तारखेलेच.

कुठून?

रिफंड आलता न. मेसेज नाई का आलता? तुमीच तर मिटवला, सावधान चौतीस.

रजिस्टर काढलं. २९ ऑगस्ट, ७.५०, बरोबर तीच रक्कम. मग एकेक गोष्ट बाहेर आली. नंदिनीने दुसऱ्याच दिवशी, ११ ऑगस्टला दुपारी, आईकडून ओटीपी घेऊन व्हेरिफाय केलं. मी झोपलो होतो. कपाटाची दुसरी किल्ली वीस वर्षांपासून सुलोचनाच्या पर्समध्ये आहे. ती म्हणाली, तुमी हरवली म्हणून एवढे ओरडलते त्या दिवशी, मंग सापडल्यावर सांगाची हिंमतच नाई झाली.

शांत डोक्याने विचार केला तर निष्कर्ष चांगलाच आहे. रिफंड सुरक्षित पोचला. दीड महिना मोबाईलवर पहारा होता म्हणूनच पोचला. बॅटरीचंही कोडं सुटलं, कंपनीला लिहिलेलं पत्र रद्द.

तिने विचारलं, तुमी घरखर्चाले दोन हजार देणार होते, त्याचं काय? म्हटलं, बँकेचा सर्व्हर डाऊन आहे. तिने पर्समधून पाचशेची नोट काढून माझ्या हातात ठेवली. भाजीले असू द्या, म्हणाली.

ड्रिलचं सांगितलं नाही. ड्रिल गोपनीय असतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर. दुपारी १२

वर्धा स्टेशनवर सोडून आलो. अकरा बायका, पांढऱ्या साड्या, पिशव्याच पिशव्या. सुलोचना सगळ्यांत पुढे, तिकिटं तिच्याकडे. शाळेची सहल नेत होती तशीच. मी इतक्या वर्षांत तिला असं हसताना बघितलं नव्हतं, किंवा बघितलं असेल तर लक्षात राहिलं नाही.

मोबाईल तिच्या हवाली केला. पुढच्या दोन आठवड्यांचे शब्द चिठ्ठीवर लिहून दिले. बजावलं, प्रवासात नियम दुप्पट कडक. अनोळखी नंबर असेल तर आधी शब्द. तिने विचारलं, अन तुमचाच फोन आला तर? म्हटलं, मग तर नक्कीच विचारायचा, माझं नाव सांगून कोणीही फसवेल. ती म्हणाली, पाहा बरं, मंग मले बोलसान नाई.

गाडी सुटताना तिला सांगणार होतो. एक महिना होऊन गेला. भोंगा वाजत नाही, सुलोचना, असं सांगणार होतो. पण त्या अकरा बायका सगळ्या खिडकीला लटकलेल्या.

सोमवार, १३ ऑक्टोबर. दुपारी ४.४०

बंडूजींनी विचारलं, मी सांगून टाकलं. त्यांनी चप्पल घातली आणि मला बँकेत घेऊन गेले. तिथल्या मॅडमना मी ड्रिलची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग पाण्याचा ग्लास पुढे केला.

तिथून एसटीने वर्ध्याला, सायबरच्या ठाण्यात. तिथल्या पोलीस मॅडमनी विचारलं, किती दिवस झाले? चौतीस. १९३० ला त्याच दिवशी फोन का नाही केला? म्हटलं, मॅडम, आमच्या कॉलनीत तो नंबर अकरा फाटकांवर मी स्वतः लिहिलाय. त्या म्हणाल्या, ते ठीक, पण लावला का? मग मी रजिस्टर दाखवलं. खूप बारकाईने बघितलं त्यांनी. म्हणाल्या, इतकी व्यवस्थित नोंद ठेवणारा तक्रारदार आजपर्यंत आला नाही. पुरावा म्हणून ठेवून घेतलं. पैशाचं काही सांगता येत नाही म्हणाल्या.

जुना नंबर बंद करायला सांगितला, कारण माझी सगळी कागदपत्रं त्या ठगाकडे आहेत. नवीन सिम घेतलं. आयकार्ड पुराव्यात जमा. परत येताना बंडूजींनी स्टँडवर आलुबोंडा घेऊन दिला. तिखट होता.

उद्या सुलोचनाला सांगायचं. सगळं. अभिनय वगैरे काही नव्हता, हेसुद्धा.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ११.१५

आज चौदा ऑक्टोबर, धम्मदीक्षेचा दिवस. आजच्या दिवशी ती बोधगयेत पोचली असणार. चांगल्या दिवशी वाईट बातमी सांगू नये असं वाटलं, पण उद्यापर्यंत धीर राहणार नाही.

नवीन नंबरवरून फोन लावला. तिने उचलला. मागे बायकांचे आवाज, घंटा, वारा. मी म्हटलं, मी बोलतोय. ती म्हणाली, शब्द सांगा. म्हटलं, अगं, मी कवडू. ती म्हणाली, नाव कोणीबी सांगते, शब्द सांगा.

रजिस्टर ठाण्यात.

म्हटलं, जवस. चूक. म्हटलं, अंबाडी. चूक. एकेक भाजी डोळ्यांसमोर आणत होतो, एकही आठवत नव्हती. करडई म्हटलं. तिने फोन ठेवला.

शेवटी माझा आवाज जरा बसला होता. सर्दी. कालचा आलुबोंडा तेलकट होता.

दुपारी १२.०५

बंडूजी मोबाईल घेऊन आले. शब्द विचारला नाही, सरळ आत घेतलं. म्हणाले, कवडूजी, हे वाचा. माझा नवा नंबर कॉलनीच्या ग्रुपमध्ये नाही, म्हणून त्यांच्याच मोबाईलवर वाचलं. उतरवून ठेवतो.

"सावधान, क्रमांक ४१. या नंबरवरून एक माणूस माझा नवरा असल्याचं सांगतो. शब्द तिन्ही वेळा चुकला. मग रडायला लागला. आमचे हे रडत नाहीत. कोणीही उचलू नये. नोंद घ्यावी. सु. थूल, बोधगया."

खाली एकोणीस अंगठे. त्यात एक नंदिनीचा.

मजकूर बिनचूक आहे. मीसुद्धा असाच लिहिला असता. रजिस्टर नाही म्हणून इथे नोंद घेतली.